जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि नोंद?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची सगळी मंडळी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘परदेशस्थ भारतीयांच्या विवाह व जन्माच्या नोंदी : कायदा आणि कार्यपद्धती’. विषय मीच दिला होता. छापून आल्यावर बायको म्हणाली, “हे ऐकायला आपण दोघंच असू, आणि मला त्या दिवशी हरिपाठ आहे.” पण हॉल भरलाय. एक तर सेलूत परदेशी गेलेल्या लेकरांचे आईबाप बरेच असावेत, नाहीतर बाहेर ऊन फार असावं.

मी तेहतीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मी निवृत्त झाल्यावर नाव बदललं. अधिकारी व्हायचं माझ्या नशिबात नव्हतं. ग्रामसेवक हा जन्म-मृत्यूचा निबंधक असतो आणि विवाहाचाही. माणूस जन्मला की माझ्याकडं, लग्न झालं की माझ्याकडं, गेला की माझ्याकडं. मधली सगळी वर्षं, नळाला पाणी का नाही हे विचारायला माझ्याकडं.

आधी एक छोटा खेळ. ज्यांचा वाढदिवस १ जूनला असतो त्यांनी हात वर करा. लाजू नका. हं... पहिल्या रांगेतच पाच. अध्यक्षांनी अर्धा हात वर केलाय, तो मी पूर्ण धरतो. माझाही वाढदिवस १ जून, १९६२. माझी आई सांगायची की मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालो. आता पोळा काही जूनमध्ये येत नाही. पण शाळेत घालायला नेलं, गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघितलं, आणि लिहिलं १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत, हिशेब जुळला. गुरुजींचा दोष नव्हता. गावच्या दप्तरात माझी नोंदच नव्हती, तर त्यांनी बघायचं कुठं?

याचा परिणाम तुम्ही जिल्हा परिषदेत बघितला असेल. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला मराठवाड्यात निरोप समारंभांची लग्नसराई असते. एकाच हॉलमध्ये चार-चार सत्कार, हार संपतात, शेवटच्याला दुसऱ्याचाच हार घालतात. माझा ३१ मे २०२० ला होता. लॉकडाऊन होतं, त्यामुळं तोही गेला.

तर माझा लाडका मुद्दा असा, आणि तो मी घरी इतक्यांदा सांगितलाय की नातवाला पाठ आहे. कार्य आपण करतो, नोंद करत नाही. आपल्याला वाटतं, चारचौघांनी पाहिलं म्हणजे झालं. गाव साक्षीदार आहे! गाव असतं तोवर ते चालतं. माणूस गावाबाहेर गेला की त्याला विचारणारा गावातला नसतो. दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्याकडं जो तो निजामाच्या काळातल्या नोंदी शोधत होता, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याला काय भाव आला होता, आठवतंय ना? पणज्यानं काही केलं नव्हतं. कुणीतरी एका ओळीत त्याला लिहून ठेवलं होतं, एवढंच.

आता माझीच गोष्ट सांगतो. म्हणजे दुसऱ्याची अब्रू जायला नको.

२०१६ साली थोरल्याचं लग्न झालं, सुनेच्या गावी, इथनं चाळीस किलोमीटरवर. दीड हजार पान उठलं. आमदार येऊन गेले. मुलगा-सून दोघं इंजिनिअर. आधी तो जर्मनीला गेला, मग सून तिच्या स्वतःच्या नोकरीवर गेली. तिचा व्हिसा तिच्या पगारावर, त्यामुळं लग्नाचा कागद कुणी मागितलाच नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण आयुष्यभर म्हणत आलो. आमच्या घरात ते खरं झालं म्हणून मी पेढे वाटले.

२०१८ मध्ये फोन आला. सुनेला दिवस गेलेत. आणि दुसरं वाक्य, “पप्पा, इथं बाळाच्या जन्माच्या नोंदीसाठी आमचं मॅरेज सर्टिफिकेट लागेल. आपल्या कपाटात असेल ना?”

मी गप्प. हजारो जोडप्यांच्या नोंदी ज्यानं घातल्या, त्याच्या पोराच्या लग्नाची नोंद नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर अख्खं महावितरण होतं. कारण काय? ऐका, कारण तुमच्याही घरात तेच असेल. मी तेव्हा विषय काढला होता. व्याहीबुवा म्हणाले, “रजिस्टर लग्न? लोक म्हणतील पोरं पळून गेली होती!” आपल्याकडं रजिस्टर म्हटलं की कोर्ट मॅरेज, आणि कोर्ट मॅरेज म्हटलं की एसटी स्टँडवरून पहाटे पळालेली जोडी. लग्न लावणं वेगळं, लागलेल्या लग्नाची नोंद करणं वेगळं, हे तेहतीस वर्षांत मी माझ्या व्याह्याला समजावू शकलो नाही.

शेवटी दोघं आठ दिवसांसाठी आले. सातव्यात करायचं डोहाळजेवण पाचव्यातच उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सुनेच्या गावच्या ग्रामपंचायतीत नमुना ‘ड’ भरला, तीन साक्षीदार, भटजींची सही, उशिराचा दंड. नव्वद दिवसांत करायचं काम दोन वर्षांनी झालं. सुनेच्या हातात हिरवा चुडा आणि बोटाला शाईचा डाग.

वाटलं, सुटलो. पण जर्मनीत भारतीय दाखला तसाच चालत नव्हता. अपोस्टिल नावाचा एक शिक्का असतो, कागद खरा आहे हे दुसऱ्या देशाला सांगणारा, १९६१ च्या हेगच्या करारातला. भारत त्यात २००५ ला आला, पण भारताच्या बाबतीत जर्मनीनं हरकत घेतली होती. तेव्हा शिक्का नाही, तर पडताळणी. म्हणजे त्यांचा नेमलेला वकील प्रत्यक्ष गावात येणार, दप्तर बघणार, लोकांना विचारणार.

आता तुम्हीच सांगा, आपल्या गावात अनोळखी, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस येऊन “अमक्यांचा मुलगा कसा आहे?” असं विचारायला लागला, तर लोक काय समजणार? बरोबर! स्थळ! पारावर आमचे एक मामा बसलेले. त्यांना वाटलं, धाकट्यासाठी सोयरीक आलीय. मामा सुरू झाले, “पोरगं लई गुणाचं. सुपारीचं खांड खात नाही. बागायत हाय, बाप सरकारी नोकरीत हाय.” वकिलानं विचारलं, “लग्न झालंय का?” मामा म्हणाले, “छ्या छ्या! अजून कुठं? बघायलेत!”

वकिलानं लिहून घेतलं.

(हसू नका, मला दोन महिने झोप नव्हती.) मग तो सुनेच्या गावी गेला. तिथं रजिस्टर बघितलं आणि मला फोन केला. त्याचा प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही. “वराचे वडील स्वतः विवाह निबंधक आहेत. मग दोन वर्षं नोंद का नव्हती?” यावर काय उत्तर द्यायचं? व्याही म्हणाले म्हणून? मी अल्बम पुढं केला. सहाशे फोटो. त्यातल्या चारशेंत आमदार. सप्तपदीचा एकच, त्यातही कॅमेऱ्यासमोर मामांची टोपी. बँडवाला, आचारी, मंडपवाला, सगळ्यांचे जबाब झाले. मामांना पुन्हा बोलावून थोरला कोण, धाकटा कोण, हे समजावून सांगावं लागलं.

तेवढ्यात तिकडं बाळ झालं. तिथला नियम, जन्माची खबर आठवड्याच्या आत, नाव महिन्याच्या आत. बायको म्हणाली, बाराव्या दिवशी बारसं, त्यांना काय घाई! नाव दिलं, पण पडताळणी बाकी, म्हणून पूर्ण दाखला मिळेना. एक उतारा मिळाला आणि त्यावर शेरा होता, आईबापाची ओळख सिद्ध झालेली नाही. माझ्या नातवाच्या पहिल्याच कागदावर! आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, हे त्याचंच असावं. पडताळणी आटोपून स्वच्छ दाखला हातात आला तेव्हा बाळ दहा महिन्यांचं होतं. दहा महिने का मोजतोय, ते आता...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘७ मिनिटे’. म्हणजे पत्रिकेतला विषय सात मिनिटांत. चला.

दहा महिने मोजले, कारण वर्षाची मुदत होती. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला वंशानं नागरिकत्व मिळतं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४. आधी बाप भारतीय असावा लागे, १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा बाप, कुणीही चालतो. पण ३ डिसेंबर २००४ पासून अट आली. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. आणि आईबापांनी लिहून द्यायचं की मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. मुलाला जन्मानं तिथलंही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडायचं, नाहीतर आपलं जातं.

म्हणून मी म्हणतो, कॉन्सुलेट म्हणजे परदेशातली ग्रामपंचायत. तिथल्या साहेबाकडं जाताना भिऊ नका, तोही रजिस्टरच भरतो. तिथली नोंद पुढं भारताच्या महानिबंधकांकडं येते. नोंद न करता मूल घेऊन कायमचे परत आलात, तर आल्यापासून साठ दिवसांत इथं करता येते. जन्म-मृत्यू कायदा, कलम २०.

आखातात मुलं असलेल्यांनी नीट ऐका. अमेरिकेत जन्मलेल्या लेकराला निदान तिथलं नागरिकत्व मिळतं. आखातात जन्मानं काही मिळत नाही. अमिरातीत बाळाचा रहिवासी व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो, त्याला आपला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला दूतावासाची नोंद. अपोस्टिलही तिथं चालत नाही, त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. लग्नाचा दाखला त्यासाठी इथूनच करून न्या.

लग्न. परदेशी विवाह कायदा, १९६९. दोन वाटा. एक, दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावायचं. दोघांतलं एक तरी भारतीय, मुलगा २१, मुलगी १८. आधी नोटीस, एकानं तरी तिथं तीस दिवस राहिलेलं हवं, मग हरकतींसाठी तीस दिवस. त्या देशाच्या कायद्यात बसत नसेल तर अधिकारी नाही म्हणू शकतो. दुसरी वाट, तिथल्या कायद्यानं लग्न लागलंय, त्याची फक्त नोंद करायची, कलम १७. आणि इथं लग्न लावून गेलात तर नोंद इथल्याच निबंधकाकडं; तिथं जाऊन ती होत नाही. नोंद नसली म्हणून सप्तपदी झालेलं लग्न खोटं ठरत नाही, हेही सांगतो, नाहीतर घरी जाऊन भांडाल. पण सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलंय की सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा.

ओसीआय राहिलं, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. पोरानं तिथला पासपोर्ट घेतला तर ओसीआय कार्ड मिळतं. ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येते. सातबाराचं नाव काढल्यावर सगळे कसे सरळ बसले!

नावांचं एक सांगतो. फॉर्ममध्ये वडिलांचं नाव कुठं टाकलं, ते सगळ्या कागदांवर एकसारखं ठेवा. आणि जन्मठिकाण औरंगाबाद असलेल्यांनी पासपोर्टवर औरंगाबाद आणि फॉर्मवर छत्रपती संभाजीनगर असं अर्धं-अर्धं करू नका. नाव २०२३ ला बदललं, तुमचे कागद त्याआधीचे. तिकडच्या ऑफिसातल्या बाईला ही दोन गावं वाटतात. माझ्या भाचीला त्या बाईनं विचारलंय की तुम्ही नक्की कुठं जन्मलात.

अध्यक्ष उभे राहिले. झालं, झालं. मी बाहेर चहाच्या टेबलापाशी बसतो. ज्यांची लेकरं बाहेर आहेत त्यांनी यावं, पण मोबाईलमधला फोटो दाखवू नका, झेरॉक्स आणा. आणि मामा आज आलेत, तिसऱ्या रांगेत. त्यांना कुणी काही विचारू नका.