छापायलाही नकार मिळालेलं विधेयक

(दृश्य: डब्लिन. किल्डेअर स्ट्रीटवरची लेन्स्टर हाउसची इमारत.)

अठराव्या शतकात एका उमरावानं बांधलेला हा वाडा. आयर्लंडची संसद 1922 पासून इथेच भरते. कनिष्ठ सभागृहाला म्हणतात डॉल आणि वरिष्ठ सभागृहाला शॅनड. सरकार पाडायचं की ठेवायचं हे डॉलमध्ये ठरतं. शॅनडच्या हाती तेवढी सत्ता नाही. तिथले साठ सदस्य बोलू शकतात, दुरुस्त्या सुचवू शकतात, विधेयक मांडू शकतात, फार तर काही काळ अडवून धरू शकतात. ही गोष्ट तिथे मांडल्या गेलेल्या एका विधेयकाची, गर्भनिरोधक साधनांवरची बंदी उठवू पाहणाऱ्या.

1969 साली या सभागृहात पंचवीस वर्षांची एक वकील निवडून आली. मेरी बर्क. पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातल्या बॅलिना गावची. आई-वडील दोघंही डॉक्टर, घरचं वातावरण धार्मिक, कॅथलिक. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, पुढे हार्वर्डला. 1970 च्या डिसेंबरात निकोलस रॉबिन्सन यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि संसदेच्या दप्तरात त्यांचं नाव झालं मेरी रॉबिन्सन.

त्यांची जागा कुठली होती, हे आधी समजून घ्यायला हवं. शॅनडच्या साठपैकी त्रेचाळीस जागा नगरसेवक आणि संसद सदस्यांच्या मतांवर भरल्या जातात, अकरा जण पंतप्रधान नेमतात आणि सहा जागा विद्यापीठांच्या पदवीधरांच्या. विधान परिषदेतला पदवीधर मतदारसंघ आपल्याला माहीत आहे, तसंच हे. रॉबिन्सन ट्रिनिटीच्या पदवीधरांनी निवडून दिलेल्या, त्याही अपक्ष. हे मतदार देशभर आणि देशाबाहेरही पसरलेले. मतपत्रिका टपालानं यायची. त्यामुळे गावातल्या पाद्रीबुवांची मर्जी सांभाळणं किंवा पक्षाकडून तिकीट मिळवणं, या दोन्ही काळज्यांतून त्या मोकळ्या होत्या. हा मोकळेपणा मूठभर शिकलेल्यांच्या मतांवर उभा होता, हे खरंच. पण त्याचा उपयोग त्यांनी ज्यांना शॅनडसाठी मत देण्याचा अधिकारच नव्हता, अशा बायकांसाठी केला.

(दृश्य: सत्तरच्या दशकातलं डब्लिन. बाबागाड्या, शाळेच्या दारातली मुलं.)

आयर्लंडमध्ये 1935 च्या कायद्यानं गर्भनिरोधक साधनं विकायला आणि विक्रीसाठी बाहेरून आणायला बंदी होती. संततिनियमनाचा पुरस्कार करणारी पुस्तकं त्याच्याही आधी, 1929 पासून बंद. वापरणं गुन्हा नव्हता, मिळवणं अशक्य होतं. साठच्या दशकात गोळी आली, तेव्हा डॉक्टरांनी एक पळवाट काढली. 'पाळी नियमित व्हावी म्हणून' असं कारण दाखवून ते गोळी लिहून देत. म्हणजे जिचा डॉक्टर समजूतदार, तिला गोळी मिळायची. बाकीच्यांनी बाळंतपणं मोजायची.

1971 मध्ये रॉबिन्सन यांनी ही बंदी उठवणारं अशासकीय विधेयक तयार केलं. असं विधेयक मांडायला तिघांच्या सह्या लागत. ट्रेव्हर वेस्ट आणि जॉन हॉर्गन हे दोन सहकारी सोबत आले. तिघंही विद्यापीठांच्या जागांवरून आलेले.

आता सभागृहाची रीत पाहा. विधेयकाचं प्रथम वाचन म्हणजे ते मांडायला दिलेली परवानगी. एरवी ही नुसती औपचारिकता असते. परवानगी मिळाली की विधेयक छापलं जातं, सदस्यांना वाटलं जातं, लोकांच्या हाती पडतं आणि खरी चर्चा दुसऱ्या वाचनाला होते. या विधेयकाचं नेमकं प्रथम वाचनच अडवलं गेलं. कामकाजपत्रिकेवर नाव दिसायचं, पण सरकार वेळ देत नव्हतं. वाचन नाही म्हणून छपाई नाही, आणि छपाई नाही म्हणून मसुदा कुणी वाचलेला नाही. सगळा देश मात्र त्यावर कडाकडा भांडत होता.

मार्च 1971 मध्ये डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मक्वेड यांचं पत्र चर्चमधून वाचलं गेलं. असा कायदा झाला तर तो देशाला शाप ठरेल, असं त्यात म्हटलं होतं. रॉबिन्सन यांच्या घरी शिव्याशापांच्या पत्रांचा ढीग पडू लागला. नवरा-बायकोनं ती पत्रं जाळून टाकली. ती ठेवायला हवी होती, असं त्या पुढे म्हणाल्या. नुकतं लग्न झालेली तरुण बाई, आणि अनोळखी माणसं रोज टपालानं तिचा उद्धार करतायत. त्या खचल्या, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. विधेयक मात्र त्यांनी मागे घेतलं नाही.

(दृश्य: डब्लिनचं कॉनली स्टेशन.)

मे महिन्यात आयरिश महिला मुक्ती चळवळीच्या सत्तेचाळीस जणी आगगाडीनं बेलफास्टला गेल्या. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, तिथे ही साधनं दुकानात मिळत. प्रिस्क्रिप्शनशिवाय गोळी मिळेना, तेव्हा काहींनी तिच्याऐवजी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या. जकात अधिकाऱ्यांना कुठे ओळखता येणार होतं! संध्याकाळी कॉनली स्टेशनवर त्यांनी खरेदी उघडपणे मिरवली. अधिकाऱ्यांनी त्यांना जाऊ दिलं.

जुलैत शॅनडमध्ये अखेर मतविभागणी झाली. विधेयक मांडायला परवानगी द्यावी म्हणणारे 14, देऊ नये म्हणणारे 25. एवढ्यावर विधेयक संपलं.

ही हार मला फार मोलाची वाटते. तोवर या प्रश्नावर 'नाही' म्हणायची वेळच कुणावर येत नव्हती. विषय टाळला की काम भागायचं. रॉबिन्सन यांनी मतविभागणीपर्यंत प्रश्न रेटला आणि पंचवीस जणांना आपल्या नावानिशी दप्तरात 'नाही' नोंदवावं लागलं. आज कुणीही ती यादी काढून वाचू शकतं.

(दृश्य: डब्लिनचं सर्वोच्च न्यायालय, 'फोर कोर्ट्स'.)

1973 च्या डिसेंबरात निकाल आला तो न्यायालयातून. मेरी मॅगी या चार मुलांच्या आईला पुन्हा गरोदर राहणं जिवावर बेतलं असतं. तिनं टपालानं मागवलेलं साधन जकात खात्यानं जप्त केलं होतं. ही जप्ती विवाहित जोडप्याच्या खासगी आयुष्याच्या हक्कावर घाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. रॉबिन्सन यांनी तोवर नवं विधेयक आणलं होतं, आणि या वेळी ते छापलं गेलं, त्यावर चर्चाही झाली. मंजूर मात्र झालं नाही. मग सरकारनंच 1974 मध्ये डॉलमध्ये आपलं विधेयक आणलं, तर खुद्द पंतप्रधान लिअम कॉस्ग्रेव्ह यांनी स्वतःच्या सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं आणि तेही पडलं.

1979 मध्ये कायदा झाला खरा, पण कंडोमसाठीसुद्धा डॉक्टरची चिठ्ठी लागायची. आरोग्यमंत्री चार्ल्स हॉही त्याला 'आयरिश प्रश्नावरचं आयरिश उत्तर' म्हणाले. ही चिठ्ठीची अट अठरा वर्षांवरच्यांसाठी निघाली 1985 साली.

या वीस वर्षांत रॉबिन्सन शॅनडमध्ये बोलत होत्या आणि कोर्टातही उभ्या राहत होत्या. विवाहबाह्य मुलांच्या वारसाहक्काचं विधेयक त्यांनी 1974 मध्ये मांडलं. अशा मुलांना समान दर्जा देणारा कायदा झाला 1987 मध्ये. समलैंगिकता गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कायद्याविरुद्ध डेव्हिड नॉरिस स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, तेव्हा त्यांची बाजू रॉबिन्सन यांनी मांडली, आणि 1988 मध्ये खटला जिंकला. पक्षाची शिस्त त्यांनी नुसत्या सोयीसाठी कधीच पाळली नाही. 1976 मध्ये त्या लेबर पक्षात गेल्या आणि 1985 मध्ये बाहेर पडल्या. उत्तर आयर्लंडबाबत ब्रिटनबरोबर झालेला करार तिथल्या युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू इच्छिणाऱ्यांना, विश्वासात न घेता झाला, हे त्यांना पटलं नव्हतं.

1989 मध्ये त्यांनी शॅनड सोडलं. पुढच्याच वर्षी त्या आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून निवडून आल्या. 1993 मध्ये संसदेनं दोन कायदे मंजूर केले: एकानं कंडोमच्या विक्रीवरचे उरलेसुरले निर्बंध काढले, दुसऱ्यानं समलैंगिकता गुन्ह्यांच्या यादीतून वगळली. आयरिश घटनेप्रमाणे राष्ट्रपतींच्या सहीशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही. दोन्हींवर सही केली मेरी रॉबिन्सन यांनी.