सोम, बुध, शुक्र

(पडद्यावर: स्वयंपाकघराची भिंत. खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय. सुरुवातीला नुसता पंख्याचा आवाज.)

मानखुर्दच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर हे कालनिर्णय लटकतंय. प्रत्येक चौकटीत निळ्या पेनाने दुधाचा हिशेब. अर्धा, अर्धा, अर्धा, मध्येच एक लिटर. त्या दिवशी कुणी पाहुणे आले असणार. आणि दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तारखेभोवती लाल गोल.

लाल गोल उपासाचे नाहीत. ते बेडाक्विलिन या टीबीच्या गोळीचे दिवस आहेत.

या घरातल्या बाईला एमडीआर टीबी आहे. टीबीची दोन मुख्य औषधं, आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन, तिच्या जंतूंवर चालत नाहीत. वस्तीत एमडीआर वगैरे कुणी म्हणत नाही. "तिला मोठा टीबी झालाय," एवढंच, तेही दार लोटून. चेहरा दाखवायचा नाही ही तिची अट आहे, म्हणून आपण तिचा हात पाहू.

(पडद्यावर: तळहात. पाच गोळ्या.)

आज बुधवार, म्हणून पाच. दोन बेडाक्विलिनच्या, एक प्रीटोमॅनिड, एक लिनेझोलिड, एक मॉक्सिफ्लॉक्सासिन. उद्या गुरुवारी तीनच. पहिले दोन आठवडे रोज सात होत्या. आणि गोळ्यांच्या आधी दोन पोळ्या नि बटाट्याची भाजी. ती काही लाडाची नाही. बेडाक्विलिन रिकाम्या पोटी घेतलं तर नीट अंगी लागत नाही. पोटात अन्न असलं की जवळपास दुप्पट शोषलं जातं.

सहा महिने. सुई एकही नाही.

हे "सुई एकही नाही" किती मोठं वाक्य आहे, ते कळायला दहा-बारा वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा एमडीआरचा कोर्स दोन वर्षांचा असे. त्यातले पहिले सहा ते नऊ महिने जवळजवळ रोज एक इंजेक्शन, बहुतेक वेळा कानामायसिनचं. कमरेला गाठी यायच्या, बसायची पंचाईत व्हायची, नर्सलाही नवी जागा शोधावी लागायची. गोळ्यांचा हिशेब केला तर पूर्ण कोर्सला चौदा हजारांच्या घरात जात असे. एवढं सोसून आपल्या देशात बरे होणारे निम्म्याहून कमी. बाकीचे कोर्स अर्धवट सोडायचे, नाहीतर जग सोडायचे.

आणि जे वाचायचे, त्यातल्या कित्येकांचे कान जायचे.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्या आत केसांसारखी टोकं असलेल्या पेशींच्या ओळी असतात. आवाज आला की त्या लवतात आणि मेंदूला निरोप धाडतात. कानामायसिन जंतूंबरोबर या पेशीही मारतं. कोंबडीचं पिल्लू या पेशी पुन्हा उगवू शकतं, माणूस नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात: दाराची बेल, चिमण्या. पेशंटला वाटतं, घर शांत झालंय. मग एक दिवस माणसांचे आवाज जातात.

मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन हिला पोटाचा टीबी दुसऱ्यांदा झाला होता. 2013 साली एका दुपारी ती झोपून उठली, तर समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. ती भरतनाट्यम शिकलेली. पुढे ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, ताल मनात मोजून. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

(पडद्यावर: शिवडी. रुग्णालयाच्या आवारातली जुनी झाडं.)

मुंबईत "त्याला शिवडीला नेलं" हे वाक्य अर्धं बोलून सोडून देतात. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. महापालिकेचं हे क्षयरोग रुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्या टीबी रुग्णालयांपैकी एक. डिसेंबर 2011 मध्ये याच शहरातल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र प्रसिद्ध केलं. चार पेशंट, आणि त्यांच्या जंतूंवर तपासलेल्यांपैकी एकही औषध चालत नाही. जगभर बातमी झाली. सरकारी खात्याने शब्दावरच आक्षेप घेतला, "संपूर्ण औषधरोधी" असं म्हणायचं नाही. नावावरून वाद घालण्यात आपला हात कोण धरणार? पण काम थांबलं नाही हेही खरं. 2012 च्या मे महिन्यात टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं.

आता जंतूकडे वळू. टीबीचा जंतू आळशी आहे, आणि आळस हेच त्याचं शस्त्र. पोटातला साधा ई-कोलाय वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. याला जवळपास एक दिवस लागतो. वरून मेणचट कवच. शिवाय त्यातले काही फुफ्फुसाच्या कोपऱ्यात निपचित पडून राहतात. बहुतेक औषधं हलत्या, वाढत्या जंतूला मारतात. जो झोपलाय त्याला काय मारणार? म्हणून महिनोन् महिने गोळ्या.

पण झोपलेल्यालाही श्वासापुरती ऊर्जा लागतेच ना? बेल्जियममध्ये कोएन आंद्रीस आणि त्यांच्या संशोधक चमूने टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी, भराभर वाढणारा चुलतभाऊ घेतला आणि त्याच्यावर एकामागून एक रसायनं लावून पाहिली. 2005 च्या जानेवारीत त्यांनी जे जगापुढे मांडलं, त्याचंच पुढे बेडाक्विलिन झालं.

(पडद्यावर: फिरता रहाट. हळूहळू त्याचं रेणूच्या चित्रात रूपांतर.)

हे चित्र नीट बघा. जंतूच्या आवरणात एक खरोखरचं फिरतं चाक असतं. विहिरीवरच्या रहाटासारखं. बाहेरून प्रोटॉन आत येतात, त्यांच्या रेट्याने चाक फिरतं, आणि फिरता फिरता पेशीची ऊर्जा भरली जाते. बेडाक्विलिन जाऊन या चाकातच पाचर मारतं. रहाट बंद. जंतू लगेच मरत नाही. साठवलेल्या ऊर्जेवर काही दिवस काढतो, दुष्काळात माणूस कणगीतल्या धान्यावर काढतो तसा. कणगी रिकामी झाली की संपला. मग तो जागा असो की झोपलेला. आपल्याही पेशींत असाच रहाट आहे, पण त्याचे दाते वेगळ्या घडणीचे, तिथे ही पाचर सहजी बसत नाही.

अमेरिकेत या औषधाला 2012 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. टीबीसाठी अगदी नव्या जातीचं औषध, चाळीस वर्षांनी.

भारतात ते 2016 च्या मार्चमध्ये आलं, पाच शहरांतल्या सहा केंद्रांपुरतं. मुंबई त्यात होती, पाटणा नव्हतं. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला दिल्लीत ते नाकारलं गेलं, कारणांत एक कारण असं की ती दिल्लीची रहिवासी नाही. वडील उच्च न्यायालयात गेले. 2017 च्या जानेवारीत औषध मिळालं. 2018 च्या ऑक्टोबरात ती गेली. औषध उशिरा पोहोचलं होतं.

एकट्या बेडाक्विलिनने मात्र भागत नाही. टीबीला एकच औषध दिलं की जंतू ते पचवायला शिकतात. सोबतीला प्रीटोमॅनिड लागलं, तेही नवं, आणि ते पुढे आणलं टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने. टीबीच्या औषधात कंपन्यांना फारसा पैसा दिसत नाही, पेशंट गरीब असतात. तिसरं लिनेझोलिड, जुनं, दुसऱ्याच आजारांवरचं. दक्षिण आफ्रिकेत 109 अवघड पेशंटना ही तीन औषधं सहा महिने दिली. 98 बरे झाले. ज्यांच्या बाबतीत डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलायचे, असे हे पेशंट होते.

पण लिनेझोलिड त्या चाचणीत भरपूर दिलं होतं, रोज 1200 मिलिग्रॅम. पाचातल्या चौघांच्या पायाच्या नसांना इजा झाली. मुंग्या, जळजळ, चप्पल निसटली तरी न कळणं. पुढच्या चाचणीत मात्रा 600 वर आणली. शंभरातले 91 बरे झाले, आणि नसांचा त्रास पाचातल्या चौघांवरून चारांतल्या एकावर आला. मला या सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत आवडतो. नवीन काही शोधलं नाही, असलेलं निम्मं केलं.

चौथं मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या सीमापार डॉक्टरांच्या संघटनेने बेलारूस, उझबेकिस्तान, दक्षिण आफ्रिकेत चाचणी केली. नव्या कोर्सला 89 टक्के यश, जुन्याला 52. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये शिफारस केली, भारत सरकारने 2024 च्या सप्टेंबरमध्ये मान्यता दिली. देशातल्या सुमारे 75 हजार औषधरोधी पेशंटना याचा उपयोग होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. चौदा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका मात्र अजून या कोर्समध्ये बसत नाहीत.

(पडद्यावर: अँटॉप हिल. एका सरकारी इमारतीचा जिना, फायलींचे गठ्ठे.)

अँटॉप हिलचं हे पेटंट कार्यालय. शिवडीच्या रुग्णालयापासून फार लांब नाही.

बेडाक्विलिनचं मूळ पेटंट 2023 च्या जुलैत संपणार होतं. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर, फ्युमरेटवर, नवीन पेटंट मागितलं होतं. मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं चालली असती, 2027 पर्यंत. 2019 मध्ये त्याला दोन बायकांनी हरकत घेतली. एक नंदिता वेंकटेशन. दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून वाचलेल्या. दोघींचे कान इंजेक्शनांनी गेलेले.

23 मार्च 2023 रोजी या कार्यालयाने पेटंट नाकारलं. दुसऱ्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन होता. निकाल त्यासाठी थांबवला नव्हता, तारीख तशी पडली. त्याच वर्षी मुंबईच्याच एका कंपनीचं बेडाक्विलिन जागतिक खरेदीत उतरलं, आणि मूळ कंपनीचा भावही निम्म्याच्या खाली आला.

औषध स्वस्त झालं, पण कुणाला द्यायचं हे आधी कळायला हवं. पूर्वी बेडका तपासायला द्यायचा आणि जंतू वाढायची वाट बघायची, दीड-दोन महिने. तोवर पेशंट चुकीच्या गोळ्या खाणार आणि लोकलमध्ये खोकणार. आता बेडक्यातल्या जंतूचा जनुकच वाचतात. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायोचं ट्रूनॅट हे मशीन हेच करतं. बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या आरोग्य केंद्रातही टेबलावर मावतं. तासाभरात टीबी आहे की नाही, आणखी तासाभरात रिफॅम्पिसिन चालेल की नाही. करोनात लोकांनी हे यंत्र पाहिलंय, फक्त ते मुळात टीबीसाठी होतं हे विसरून गेलेत.

आता कटकटीच्या गोष्टी. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू ठिकठिकाणी सापडू लागलेत. त्यात हे औषध शरीरातून फार सावकाश जातं, कोर्स थांबला तरी महिनोन् महिने थोडं थोडं रेंगाळतं. मध्येच गोळ्या सोडल्या तर जंतूला एकट्या, पातळ झालेल्या बेडाक्विलिनवर तालीम करायला आयती सवड मिळते. आणि गोळ्या दर वेळी पेशंटच सोडतो असं नाही. 2024 च्या सुरुवातीला देशभरातून साध्या टीबीच्या औषधांच्या तुटवड्याच्या बातम्या येत होत्या. शेवटी केंद्राने राज्यांना कळवलं, तीन महिन्यांपुरती खरेदी तुम्हीच करा.

आणि जेवण. झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. टीबी पेशंटच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. बस्स. त्या घरांत नवीन टीबीचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरलं. प्रयोगशाळेतल्या वीस वर्षांच्या मेहनतीशेजारी रेशनची पिशवी उभी राहिली, आणि अजिबात ओशाळली नाही.

(पडद्यावर: पुन्हा मानखुर्द. दोन इमारतींमधली अरुंद फट. खाली दिवसाही ट्यूबलाइट.)

या खोलीत ऊन येत नाही. समोरची इमारत हाताच्या अंतरावर आहे. त्यावर कुठलीच गोळी नाही.

दर महिन्याला तिला दवाखान्यात जावं लागतं. छातीला वायरी लावून ईसीजी काढतात, कारण बेडाक्विलिनने हृदयाच्या ठोक्यांची लय लांबू शकते. रक्त तपासतात. नर्स डोळ्यांपुढे रंगीत ठिपक्यांचा तक्ता धरते, मग विचारते, "ताई, पायाला मुंग्या?"

"थोड्या. रात्री."

नर्स लिहून घेते. कानांबद्दल ती काही विचारत नाही. आता त्याची गरज नसते.

(पडद्यावर: कालनिर्णय. पान उलटतं. लाल गोल महिन्याच्या मध्यावर थांबलेले. पुढे नुसतं निळं पेन: अर्धा, अर्धा, अर्धा.)

खालून भंगारवाल्याची हाक येते. ती खिडकीशी जाते आणि जुनी रद्दी आहे म्हणून त्याला थांबायला सांगते.