बायकांनी लिहिलं, पुढे जपलं कुणी?

नमस्कार मंडळी.

समितीनं बोलायला सांगितलं तेव्हा हा विषय मीच मागून घेतला. मराठीत लिहिणाऱ्या बायकांचं नुसतं कौतुक करायला मी उभी नाही. त्यांनी लिहिलेलं पुढे कुठे गेलं, कुणाच्या हाती लागलं, हे मला सांगायचं आहे.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःचं तान्हं मूल मारल्याचा खटला चालला. तिला फाशी सुनावली गेली, अपिलात शिक्षा कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाई खवळल्या आणि त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. १८८२ मध्ये ती पुण्यात छापून निघाली. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल. भाषा घरातली, भांडणातली, समोरच्याला पळायला जागा न ठेवणारी. पुस्तक लहानसं आहे, पण एका दमात वाचवत नाही; मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो.

टीका झाली. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची पाठराखण केली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही, आणि हे पहिलंही विस्मरणात गेलं. १९७५ साली अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी. मधल्या काळात ज्या बायका लिहू लागल्या, त्यांच्यातल्या किती जणींना ठाऊक असेल की आपल्याआधी कुणीतरी इतकं रोखठोक लिहून ठेवलंय? मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. प्रत्येकीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात उघड मांडलेलं, म्हणून केवढा गदारोळ झाला! लेखिका विभावरी शिरूरकर कोण, याचा शोध सुरू झाला. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी नाव फोडलं नाही. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. अशा वेळी प्रकाशकानं तोंड बंद ठेवणं ही मी मोठी गोष्ट मानते.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं लहानसं दुकान होतं. माल बांधून द्यायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या आधी वाचून काढायच्या. त्यातूनच लिहिण्याची ओढ लागली. नवऱ्याला, घरच्यांना कळू न देता त्या कितीतरी वर्षं लिहीत राहिल्या, वह्या लपवत राहिल्या. मॅक्सिन बर्नसन या फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक बाईंनी त्यांना छापायचा आग्रह केला. ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं.

त्यातली एक गोष्ट सांगते. महार बायकांनी लुगडं नेसताना काठ निऱ्यांच्या आत दडवायचे. काठ मिरवण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. हे टिपायला त्या वस्तीत वाढलेली, ते लुगडं नेसलेल्या बायकांमध्ये वावरलेली बाईच हवी होती. आणि जातीचा जाच सांगताना बेबीताई घरातला मारही झाकत नाहीत. आपल्याच माणसांबद्दल असं लिहायला किती बळ लागलं असेल!

मानसन्मानांचा हिशेब थोडक्यात उरकते. साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. मग दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. त्या ९८व्या संमेलनापर्यंत सहा जणी. मराठीला ज्ञानपीठ चारदा मिळालं, चारही वेळा पुरुषांना. इरावतीबाई कर्वे, दुर्गाबाई, इंदिराबाई संत ज्या भाषेत लिहून गेल्या तिथली ही गत आहे. योगायोग म्हणून मी हे सोडून देणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटात ‘महिला विभाग’ म्हणून एक खण आहे. त्यात ‘स्मृतिचित्रे’ आहे, आणि शेजारी पाककृती, भरतकाम, बालसंगोपन. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र मराठी गद्यातल्या पहिल्या रांगेतलं आहे. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर एकटीनं काढलेली वर्षं त्या ज्या मोकळेपणानं सांगतात, ते इथे बसलेल्या प्रत्येक पुरुषानं वाचायला हवं. पण त्या खणाकडे पुरुष सभासद फिरकतच नाहीत. तो खण आपण मोडू या. पुस्तकं लेखकाच्या आडनावानुसार लावायचं काम या शनिवारी करायचं आहे. मदतीला चार जण लागतील.

दुसरं, वाचनकट्टा. पहिलं पुस्तक ‘स्त्रीपुरुष तुलना’ ठेवू. आळीपाळीनं मोठ्यानं वाचू, आणि वाचणाऱ्यांत पुरुषही हवेत. त्यानंतर ‘जिणं आमुचं’. त्याच्या प्रती भारतातून मागवायच्या आहेत, तेव्हा ज्यांना हवी त्यांनी बाहेर ठेवलेल्या वहीत आजच नाव लिहा.