गोष्टीला 'हूं' म्हणणारं पोर

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात सोलापुरात घरात झोप लागते थोडीच! संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं आणि रात्री अंथरुणं टाकायची. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालूच. त्यावर आवाज चढवून आजी सुरू करायची, 'आटपाट नगर होतं...' आम्ही 'हूं' म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली. मध्येच कुणी विचारायचं, 'राक्षस आंघोळ करतो का गं?' आजी त्याचंही उत्तर द्यायची आणि सोडलं होतं तिथून पुढं जायची.

'द प्रिन्सेस ब्राइड' हा १९८७चा चित्रपट बघताना मला ती गच्ची आठवते. दिग्दर्शक रॉब रायनर, पटकथा विल्यम गोल्डमनची, त्याच्याच कादंबरीवरून. आजारी नातू अंथरुणात, आजोबा पुस्तक वाचतायत. नायिका बटरकप रात्री समुद्रात उडी घेते, किंचाळणारे ईल मासे तिच्यावर झेपावतात, आणि आजोबा वाचन थांबवून सांगतात की तिला ते आत्ता खात नाहीत. पोराचा चेहरा त्यांनी पाहिलेला असतो.

हा चित्रपट परीकथेची थट्टा करतो ती अशी, ऐकणाऱ्याला जवळ घेऊन. आपल्या तमाशात सोंगाड्या राजालाच उलटे प्रश्न विचारतो. त्यानं वग मोडत नाही, राजा ओळखीचा होतो.

इनिगो मोंतोया बघा. बापाला मारणाऱ्या सहा बोटांच्या माणसाला तो वीस वर्षं शोधतोय. भेटल्यावर काय बोलायचं ते वाक्य त्यानं पाठच करून ठेवलंय. स्वतःचं नाव, 'तू माझ्या बापाला मारलंस', आणि 'मरायला तयार हो'. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. शेवटी पोटात खंजीर घुसलेला असताना, भिंतीला टेकून, तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत उठतो, तेव्हा माझा गळा दाटतो. शत्रू पैसा देऊ करतो, सत्ता देऊ करतो. त्याला बाप परत हवा असतो.

आणि तो नातू! सुरुवातीला प्रेमाबिमाचं नाव काढलं की कुरकुरणारा. गोष्टीतला शेतगडी वेस्टली बटरकपच्या प्रत्येक हुकमाला एवढंच म्हणायचा, 'म्हणाल तसं.' त्यातच त्याचं सगळं प्रेम होतं. पुस्तक मिटल्यावर नातू हळूच विचारतो, उद्या येऊन पुन्हा वाचाल का?

दाराशी पोचलेले आजोबा वळतात. 'म्हणशील तसं.'