नव्वद अँपिअरचा जोड

[दृश्य : पहाटेचा फुटाळा तलाव. काठाच्या पायरीवर झाकण उघडून ठेवलेली मॉडेल नौका.]

ही नौका पाऊण मीटर लांबीची आहे. तिच्या पोटात एक ब्रशलेस मोटर, तिचा वेग कमी-जास्त करणारा स्पीड कंट्रोलर आणि सहा सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी बसवलेली आहे. प्रत्येक सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे सहा सेलचे मिळून २२.२, बॅटरी पूर्ण चार्ज झाली की तोच दाब २५.२ व्होल्टपर्यंत चढतो. पूर्ण वेगात ही नौका सुमारे २,००० वॅट खेचते. आपल्या न्हाणीघरातला गिझर साधारण एवढीच शक्ती घेतो. पण तो २३० व्होल्टवर चालत असल्यामुळे त्याच्या प्लगमधून ९ अँपिअरदेखील वाहत नाहीत. नौकेत व्होल्टेज दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून तेवढ्याच शक्तीसाठी ९० अँपिअर वाहावे लागतात. जोडात, म्हणजे दोन वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे रोध सारखाच धरला तरी या नौकेतला जोड गिझरच्या जोडापेक्षा शंभरपटीहून अधिक तापतो. गिझरच्या प्लगकडे आपण वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाही. नौकेतल्या प्लगला मात्र प्रत्येक फेरीनंतर हात लावून पाहावा लागतो.

हे मला काही वर्षांपूर्वी अंबाझरीच्या काठावर कळले. मे महिना होता, नवतपा सुरू व्हायचा होता, तरी सकाळी आठलाच ऊन चटके देत होते. नौका जलपर्णीच्या कडेने वळली, मुळांचा एक झुबका प्रोपेलरला गुंडाळला गेला आणि मी थ्रॉटल सोडेपर्यंत चार-पाच सेकंद मोटर अडून राहिली. त्यानंतर नौका हलेना. जाळे काढायला निघालेल्या एका ढीवर दादांनी ती आपल्या डोंग्यात घालून काठावर आणली आणि माझ्या हातात देताना ते म्हणाले, "भाऊ, आतून धूर येऊन राहिला."

[दृश्य : तळहातावर जळका पिवळा प्लग, अगदी जवळून.]

तो प्लग मी अजून जपून ठेवला आहे. नायलॉनचा पिवळा रंग एका बाजूने तपकिरी झाला आहे, दोन्ही अर्धे एकमेकांत रुतून बसले आहेत आणि धन बाजूची वायर, जिथे ती सोल्डर केली होती त्या धातूच्या वाटीतून निसटून बाहेर आली आहे. सोल्डरिंगसाठी वापरले जाणारे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांना वितळते, तर नायलॉनचा वितळबिंदू दोनशेच्या वर असतो; म्हणून अशा प्रसंगी बहुधा सोल्डर आधी सुटते. जलपर्णी हे निमित्त होते. तो प्लग एक्सटी-६० प्रकारचा होता, त्याच्या आतल्या पिनांच्या पाकळ्या सैल झाल्या होत्या, आणि घालता-काढताना तो फारच सहज सरकतो हे हाताला जाणवत असूनही मी तो महिनोन्‌महिने वापरत राहिलो होतो.

कनेक्टरच्या नावातला आकडा पाहून निवड करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, म्हणून या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एक्सटी-६० मध्ये ३.५ मिलिमीटर व्यासाच्या बुलेट, म्हणजे गोल धातूच्या पिना, असतात आणि ६० अँपिअर ही त्याची अल्पकाळ सोसण्याची मर्यादा आहे. सतत वाहणाऱ्या प्रवाहासाठी निर्मात्याच्या तक्त्यात त्याच्या निम्मा, म्हणजे ३० अँपिअरचा आकडा दिलेला असतो. साडेचार मिलिमीटर बुलेटच्या एक्सटी-९० चे गणितही साधारण असेच आहे. मोटारगाडीच्या मॉडेलमध्ये हे खपून जाते, कारण चालक वळणावर थ्रॉटल सोडतो, गाडी आपल्या वेगाने घरंगळते आणि जोडाला उसंत मिळते. पाण्यात घरंगळणे नसते. प्रोपेलर पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पाणी मागे ढकलत असतो, आणि मोटर व स्पीड कंट्रोलर यांना थंड ठेवण्यासाठी नळीतून पाणी खेळवले जात असले तरी प्लगपर्यंत ते पोहोचत नाही. त्यातच नौकेचे झाकण टेपने बंद केलेले असते. नागपुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत त्या बंद पोटातली हवा प्लगची उष्णता शोषून घेईल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे.

एका गोष्टीमुळे आपण तगून जातो. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ९० अँपिअरला सव्वातीन मिनिटांच्या आसपास रिकामी होते आणि शहाणा माणूस त्याआधीच नौका काठाला आणतो, त्यामुळे प्लग पूर्ण तापण्याआधीच फेरी संपते. तरीही माझा स्वतःचा नियम असा आहे की सरासरी प्रवाह ६० अँपिअरपर्यंत असेल तर एक्सटी-९० किंवा ५ मिलिमीटर बुलेटचा ईसी-५ वापरावा. त्यापुढे एएस-१५० सारखा ७ मिलिमीटरचा किंवा ८ मिलिमीटर बुलेटचा जोड घ्यावा आणि किमतीतल्या फरकाचा विचार करू नये. तीन सेलच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या असतील तर पूर्ण प्रवाह दोन्ही प्लगांतून जातो, हेही ध्यानात ठेवावे. तो निम्मा होतो फक्त समांतर जोडणीत.

[दृश्य : घरातले टेबल. मल्टिमीटरच्या दोन सुया जोडाच्या दोन टोकांवर.]

नव्या-जुन्या कोणत्याही जोडाची परीक्षा घरी करता येते. जोडातून २० अँपिअरचा स्थिर प्रवाह सोडायचा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना, वायर जिथे सोल्डर केली आहे तिथे, सुया टेकवायच्या. १० मिलिव्होल्ट दिसले तर रोध अर्धा मिलिओहम आहे, आणि ९० अँपिअरला तिथे सुमारे ४ वॅट उष्णता होईल. हे चालण्यासारखे आहे. ४० मिलिव्होल्ट दिसले तर तोच आकडा १६ वॅटवर जातो. घरात किरकोळ कामासाठी जी सोल्डरिंग आयर्न असते ती २५ वॅटची असते, हे आठवले की त्या ४० मिलिव्होल्टचे गांभीर्य लक्षात येते. नकली प्लग ओळखण्यासाठी लोहचुंबकाचाही उपयोग होतो, कारण पितळ आणि तांबे त्याला चिकटत नाहीत.

जोड खराब होण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे ठिणगी. स्पीड कंट्रोलरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, रिकामे असतात, त्यामुळे बॅटरी जोडण्याच्या क्षणी ते जवळपास शॉर्ट सर्किटसारखे वागतात आणि चट्‌ असा आवाज होऊन बुलेटच्या टोकावर काळा खड्डा पडतो. एक्सटी-९०-एस या प्रकारात टोकाशी सुमारे साडेपाच ओहमचा रोधक बसवलेला असतो. आधी तो टेकतो, त्यातून जेमतेम साडेचार अँपिअर वाहून कपॅसिटर भरतात, आणि मग प्लग पूर्ण आत जातो. सहा सेलच्या नौकेत ठिणगीरोधक जोडच घ्यावा, यावर मी ठाम आहे.

सोल्डरिंगसाठी मात्र २५ वॅटची आयर्न उपयोगाची नाही. दहा गेजची जाड सिलिकॉन वायर उष्णता ओढून नेते. किमान ६० वॅटची आयर्न आणि रुंद टोक हवे. प्लगमध्ये त्याचा जोडीदार घालून ठेवावा, म्हणजे नायलॉन मऊ झाले तरी बुलेट वाकड्या होत नाहीत. आधी वाटी तापवावी, तिच्यात सोल्डर पातळ होऊन चमकू लागले की आधीच सोल्डर पाजलेली वायर आत सोडावी आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलवू नये. सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावतात ते फ्लक्स आम्लयुक्त वापरू नये, कारण ते तारांमध्ये शिरून आतून गंज चढवते. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेला, फिमेल अर्धाच असावा.

मोटरच्या तीन वायरींवर सुट्या बुलेट असतात. त्यांच्यावर पूर्ण लांबीची हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली की पुरे.

प्रत्येक अनावश्यक जोड काढून टाकावा असे मी मानतो, तरीही एक जोड मुद्दाम वाढवतो. तो म्हणजे झाकणाबाहेर काढलेला सुरक्षा-लूप. धन वायर मध्ये तोडून तिची दोन्ही टोके एका प्लगमध्ये आणायची, आणि त्यात दोन्ही टोके एकमेकांना जोडलेला दुसरा प्लग घालायचा. तो उपसला की सगळी वीज तुटते. यामुळे दोन स्पर्शबिंदू वाढतात, म्हणून हा प्लग बॅटरीच्या प्लगपेक्षा लहान कधीच नसावा.

[दृश्य : नौका काठाला लागते. ओला हात लूपकडे जातो.]

नौका काठाला आली की प्रोपेलर थांबलेला दिसतो, पण रेडिओच्या एका चुकीच्या संकेताने तो पुन्हा फिरू शकतो. म्हणून आधी लूप उपसायचा, मगच नौकेला हात घालायचा. नंतर झाकण उघडून बॅटरीचा प्लग दोन बोटांत दहा सेकंद धरून ठेवायचा.

[दृश्य : दोन बोटांत धरलेला प्लग. पार्श्वभूमीला फुटाळ्याचे पाणी.]

आज तो कोमट आहे.