मागच्या बाकावरची नववी

(दृश्य: एसटी स्टँडकडून कोर्टाकडे जाणारा रस्ता. गणवेशातल्या मुलामुलींची लांबलचक रांग.)

सकाळचे साडेदहा. एरवी या वेळी नववीची ही तुकडी भूमितीच्या तासाला असते. आज ती तालुक्याच्या कोर्टात निघालीय. सातारा जिल्ह्यातलं हे बाजारपेठेचं गाव. कोर्ट स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पण यातल्या बहुतेकांनी फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही. ज्यांनी टाकलंय, ते जरा गप्प आहेत. घरात जमिनीचा दावा चालू असला की पोरं अशीच गप्प होतात.

(दृश्य: कोर्टाचं आवार. लिंबाखाली टेबलं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड.)

आधी आवार बघायचं, असं सरांनीच ठरवलंय. बरोबरच आहे. निम्मं कोर्ट इथंच चालतं. हे मुद्रांक विक्रेते. हे नोटरी. त्या पलीकडे अर्ज टाइप करून देणारे काका. आणि लाल फितीत बांधलेल्या फायली बगलेत मारून पळणारे हे एका वकिलांचे कारकून. एकानं त्यांना विचारलं, "तुम्ही वकील का?" ते म्हणाले, "नाही रे बाबा. पण वकीलसाहेब मला विचारल्याशिवाय तारीख घेत नाहीत."

(दृश्य: व्हरांडा. भिंतीवरचा बोर्ड. मुलं बोटं लावून नावं वाचताहेत.)

हा आजचा बोर्ड. कुठलं प्रकरण कितव्या नंबरला, ते यावर. जो बोर्ड वाचायला शिकला, त्याला तालुक्यात दुसऱ्याकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. आता तो मोबाइलवरही दिसतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख समोर येते. मधल्या रांगेतली ती मुलगी बघा. घरून चिठ्ठीवर नंबर लिहून आणलाय तिनं.

(दृश्य: बेलिफ. हातात समन्सचा कागद. आजूबाजूला कोंडाळं.)

या माणसावर मुलं सगळ्यात जास्त खूश झाली. हे बेलिफ, कोर्टाचे कागद घरोघरी पोचवणारे. माणूस समन्स, म्हणजे कोर्टाचं बोलावणं, घेईना, दार उघडेना, घरातच नाही म्हणून सांगायला लावलं, तर काय करायचं? त्यांनी करूनच दाखवलं. व्हरांड्यातल्या कपाटाच्या दाराला कागद लावला. "असा डकवायचा. पंचांच्या सह्या घ्यायच्या. रिपोर्ट लिहायचा. मग तो म्हणू देत मला मिळालाच नाही." कायद्यात करिअर म्हटलं की डोळ्यांपुढे काळा कोट येतो. पण कचेरी सांभाळणारे शिरस्तेदार, पैशांचा हिशेब आणि बेलिफांची कामं बघणारे नाझर, बेलिफ, स्टेनो, ही सगळी माणसं नसतील तर कोटवाल्यांची वाफ तोंडातच राहील.

(दृश्य: न्यायदालनाचं बंद होणारं दार.)

इथून पुढं कॅमेऱ्याला परवानगी नाही. मुलांना मात्र आहे, आणि ती कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. आपल्याकडे न्यायालय खुलं असतं. काही नाजूक प्रकरणं सोडली, तर कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसावं आणि ऐकावं. हे आधी माहीत होतं का, असं विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. शिक्षकांचासुद्धा.

(दृश्य: मुलं बाहेर येताना. एकमेकांत जोरजोरात बोलणं.)

बाहेर आल्यावर पहिली तक्रार: हातोडा नव्हता! नसतोच. भारतातल्या न्यायाधीशांपुढे हातोडा ठेवायची रीतच नाही, तो सिनेमावाल्यांनी आणून ठेवलाय. दुसरी तक्रार: गीतेवर हात ठेवला नाही. तोही प्रकार तसाच. साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो, किंवा गंभीरपणे प्रतिज्ञा करतो. पण एक गोष्ट त्यांना आवडली. साक्ष मराठीत चालली होती. राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, असं शासनानं 1998 मध्येच ठरवलंय. अंमल कुठं किती होतो, तो वेगळा विषय. या तालुक्यात तरी शेतकऱ्याचं म्हणणं शेतकऱ्याच्याच शब्दांत उतरतं.

(दृश्य: शाळेचं सभागृह. बाकं जोडून केलेलं न्यायासन. फळ्यावर 'अभिरूप न्यायालय'.)

आता शाळेत, मुलांचं लुटुपुटीचं कोर्ट. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवरच्या एक वकीलबाई आठवड्यातून दोनदा येऊन मुलांची तयारी करून घेताहेत. प्रकरण मुलांनीच निवडलं. खून, दरोडा असलं काही नाही. बांध कोरला! वादीचं म्हणणं, शेजाऱ्यानं नांगर दोन फूट आत घातला. प्रतिवादीचं म्हणणं, बांध होता तिथंच आहे. पुराव्याला सातबारा, मोजणीचा नकाशा आणि वर्गातल्याच एकानं काढलेलं बांधाचं चित्र, कोर्टात पुराव्याला देतात तसा निशाणी क्रमांक घालून.

(दृश्य: वादीचा वकील झालेला मुलगा. साक्षीदार खुर्चीत.)

सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणं. मुलगा विचारतो, "शेजाऱ्यांनी जूनमध्ये तुमचा बांध कोरला ना?" साक्षीदार हो म्हणणार, तेवढ्यात समोरून, "हरकत आहे! सूचक प्रश्न आहे." हरकत मान्य. आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर कोंबायचं नसतं. ती मुभा उलटतपासात, म्हणजे समोरच्याच्या साक्षीदाराला विचारताना. मुलगा डोकं खाजवतो. वकीलबाई मदत करत नाहीत. पुरता मिनिटभर गेल्यावर तो म्हणतो, "जूनमध्ये शेतावर गेल्यावर तुम्हाला काय दिसलं?" जमलं की!

(दृश्य: प्रतिवादीची वकील झालेली मुलगी उभी राहते. हातात वही नाही.)

आता उलटतपास. ही मुलगी एरवी वर्गात बोलत नाही, असं सर सांगतात. ऐकूया.

"मोजणी झाली तेव्हा तुम्ही हजर होता?"
"नव्हतो."
"नकाशावर तुमची सही आहे?"
"नाही."
"हद्दीच्या खुणा कुणी दाखवल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही?"
"नाही पाहिलं."

इथं बसली असती तर बाजी मारली होती. पण तिला राहवलं नाही. "मग बांध सरकला, हे तुम्हाला कळलं कसं?"

साक्षीदार झालेला मुलगा सरसावून बसतो. "बांधावरचं आंब्याचं झाड माझ्या आज्यानं लावलंय. ते आता यांच्या उसात उभंय."

(दृश्य: सभागृहात हशा आणि टाळ्या. मुलगी उभीच. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो.)

(निवेदन नाही. आठ सेकंद.)

वकीलबाईंनी नंतर तिला बाजूला घेतलं. "ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो उलटतपासात विचारायचा नसतो. मला हे कळायला पाच वर्षं लागली." न्यायाधीश झालेल्या मुलीनं निकाल राखून ठेवला आणि फेरमोजणीसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन अहवाल देणारा कोर्टाचा माणूस, नेमला. वकीलबाईंच्या मते, खऱ्या कोर्टातही असंच झालं असतं.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर 15100.)

हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले कैदी अशांना वकील मोफत मिळतो, मिळकत न बघता. मुलं उतरवून घेत होती. एकीनं हात वर केला. "म्हणजे माझी आई बसते का यात?" बसते. ती आई पुढच्या आठवड्यात समितीच्या कार्यालयात जाऊन आली.

(दृश्य: बार रूम. भिंतीवर वकील संघाच्या माजी अध्यक्षांचे फोटो. फेटे, टोप्या, काळे कोट.)

परत कोर्टात, वकिलांच्या खोलीत. मुलींनी भिंतीवरचे फोटो मोजले. एकही बाई नाही. मग वकीलबाईंनी देशातल्या पहिल्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगितली. जन्म 1866, आपल्या नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 1892 मध्ये ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण बाईनं वकिली करायची सोयच नव्हती. ती 1923 च्या कायद्यानं झाली. त्याच साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्यांचा फोटो या भिंतीवर आहे, हार घातलेला. सोराबजींचा लावा की, असं एक मुलगी अध्यक्षांना तोंडावर म्हणाली. अध्यक्ष "बघू" म्हणाले.

(दृश्य: प्रश्नोत्तरं. वह्या, पेनं.)

आणि मग सगळ्यांच्या मनातला प्रश्न. किती वर्षं, किती पैसे, इंग्रजी लागतं का? बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. राष्ट्रीय विधी विद्यापीठं आपल्या राज्यात तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्यांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा इंग्रजीतच होते. यावर मराठी माध्यमाच्या शाळांनी आवाज उठवायला हवा, असं आम्हाला वाटतं. राज्याची सीईटी मात्र मराठीतूनही देता येते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायला पूर्वी हजारो रुपये मोजावे लागत. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये सांगितलं, कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त घ्यायचं नाही. म्हणजे 750 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. सुरुवातीची वर्षं कोरडी जातात, हेही वकीलबाईंनी लपवलं नाही.

आणि उच्च न्यायालयात जायचं तर? या तालुक्याला पूर्वी मुंबईच गाठावी लागत होती. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचंच खंडपीठ, बसतं. साताऱ्यासह सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत.

(दृश्य: उलटतपास घेणारी मुलगी फळ्यावर हिशेब मांडते.)

तिला न्यायाधीश व्हायचंय. बारावी 2029. पदवी 2034. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निर्णयानंतर न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षं वकिली करावी लागते. म्हणजे 2037. परीक्षा लोकसेवा आयोगाची. मागून एकानं विचारलं, "तोवर काय करणार?" ती म्हणाली, "उलटतपास."