बोर्डावर नाव नसलेला खेळ

[दृश्य : काळोख. पांढरा पडदा, मागे दिवा. दहा तोंडांचा रावण डावीकडून आत सरकतो.]

हा रावण कातड्याचा आहे. घासून, ताणून, वाळवून कातडे इतके पातळ केले आहे की मागच्या दिव्याचा उजेड त्यातून आरपार येतो. मुकुटावर आणि गळ्यातल्या हारावर टोच्याने बारीक भोके पाडली आहेत. पडद्यावर रावणाचे दागिने चमकतात ते त्या भोकांमुळे.

आपण आहोत पिंगुळीत. सिंधुदुर्ग जिल्हा, कुडाळ तालुका. इथल्या ठाकर समाजाने तीन खेळ पिढ्यान्‌पिढ्या हातात धरून ठेवले आहेत : चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि या चामड्याच्या बाहुल्या.

[दृश्य : पोथी उघडली जाते. चित्रावर बोट.]

चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक सांगून झाले की पान उलटायचे आणि कथा पुढे न्यायची. एका पोथीत एक आख्यान, रामायणातले किंवा महाभारतातले. चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठे, नजर समोरच्या पात्रावर रोखलेली. सांगणारा गातो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. या हुडकाकडे नीट बघा. डमरूसारखा मधे बारीक. वादी आवळली की आवाज चढतो, सैल सोडली की खाली येतो. युद्धाचा प्रसंग आला की ऐकणाऱ्याला तो शब्दांच्या आधी हुडकातून कळतो.

[दृश्य : सूत्रधाराचे हात, जवळून. खाली कळसूत्री बाहुली नाचते.]

कळसूत्रीत हात वर आणि गोष्ट खाली. बाहुलीचे डोके हलक्या लाकडाचे, त्यावर रंग, अंगावर खऱ्या कापडाचे कपडे. दोऱ्या थोड्याच असतात. एवढ्यावर बाहुली मान डोलावते, नमस्कार करते, रागाने वळते. राम बोलतो तोही आवाज सूत्रधाराचा, सीता बोलते तोही त्याचाच, आणि राक्षसाचे हसणेही त्याचेच. हात एका तालात, गळा दुसऱ्या पात्रात. हे कुठल्या वर्गात शिकवले गेले नाही. मूल बापामागे बसून टाळ धरायला लागते, मग हुडूक घेते आणि दोऱ्या सगळ्यात शेवटी हातात येतात.

एवढे सगळे असूनही या खेळाची जुनी जाहिरात तुम्हाला कुठे सापडणार नाही. हस्तपत्रक नाही, रंगवलेला बोर्ड नाही.

त्याचे कारण या खेळाच्या मानातच आहे. सावंतवाडी संस्थानच्या सावंत-भोसल्यांचा या कलेला आश्रय होता. कोणत्या घराने कोणत्या देवळात सेवा करायची हे ठरलेले असे आणि ते बापाकडून मुलाकडे येत असे. नवरात्र आले की ठाकर पोथी घेऊन देवळात येणार हे गावाला ठाऊक असायचे. ज्याचा प्रेक्षक पंचांगानेच ठरवून दिला आहे, त्याने बोर्ड कशाला रंगवायचा?

[दृश्य : रंगाऱ्याच्या हातातला ब्रश. पिवळ्या पाटीवर तांबडी अक्षरे.]

आता हा बोर्ड बघा. दशावताराचा, म्हणजे दक्षिण कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा आहे. रंगारी आधी खडूचा दोरा मारून घेतो, मग शिरोरेषा ओढतो, आणि मगच अक्षरे तिला टांगतो. सगळ्यात मोठे नाव मंडळाचे. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर, आजगावकर : ही नावे दक्षिण कोकणात लहान मुलालाही पाठ. त्याखाली आख्यानाचे नाव. मग कलाकार : राजापार्टी म्हणजे राजाचे काम करणारा कोण, स्त्रीपार्टी म्हणजे स्त्रीचे काम करणारा कोण. शेवटी देऊळ, तिथी आणि 'रात्रौ ठीक' असे म्हणून वेळ. अक्षराच्या उजव्या बाजूला काळी सावली दिली की ते पाटीवरून उठून येते. रंगारी ती सावली शेवटी देतो, एकाच दमात.

दशावतारसुद्धा मुळात देवळाचाच. जत्रेची तारीख देवस्थान ठरवते, पालखी होते आणि मग धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, उभा राहतो तो थेट पहाटेपर्यंत. संकासुर हा राक्षस त्यात असतोच, संवाद मात्र लिहिलेले नसतात. पण दशावतारी मंडळांनी एक गोष्ट वेळेवर केली. ती जत्रेच्या बाहेर पडली, एकमेकांशी स्पर्धेत उतरली आणि लोकांना बोलवायला शिकली. 'संयुक्त दशावतार' म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले नावाजलेले कलाकार एका रात्री एका रंगमंचावर. 'ट्रिकसीनयुक्त' म्हणजे रंगमंचावर चमत्कार घडणार. हे दोन शब्द बोर्डावर दिसले की शेजारच्या गावातून लोक येतात. बाबी नालंग यांच्यासारख्या नटाचे नाव असले की दुसरे काही लिहावेच लागत नसे.

[दृश्य : मालवणच्या एका घरातली ट्रंक. गुलाबी, पिवळी, विटलेली हस्तपत्रके.]

ही हस्तपत्रके फिरत्या नाटक कंपन्यांची. ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर छापलेली, कागद पातळ, कडा आता हात लावला की तुटतात. अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने छापखान्यात असतील नसतील तेवढे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, वापरलेले दिसतात. एका ओळीत तीन प्रकारची अक्षरे. 'लोकाग्रहास्तव', 'फक्त एकच खेळ', 'स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था'. दर : खुर्ची, बाक, पिट. वाचता वाचता त्या काळचे अख्खे नाट्यगृह डोळ्यांसमोर बसते, कोण पुढे, कोण मागे, कोण पडद्याआड. मराठी नाटकाची जाहिरात पुढे वर्तमानपत्रात गेली, आणि कमल शेडगे यांनी नाटकाच्या नावाची अक्षरे अशी काढली की शब्द वाचायच्या आधी नाटकाची जात कळावी. त्या अक्षरांची दखल घेतली गेली. या गुलाबी कागदांची नाही. कोकणातल्या माळ्यांवर असे कागद अजून असतील, ते वाळवी खाण्याआधी खाली काढा.

याच जाहिरातीच्या जगात बाहुलीवाल्यालाही नाव मिळाले, पण ते शहरात. शब्दभ्रमकार, म्हणजे बाहुलीच बोलते असे भासवणारे, य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव घ्या. बाहुलीला स्वतःचे नाव, स्वतःचा स्वभाव, आणि जाहिरातीत तिचीच ओळख पुढे. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तोच अर्धवटराव मांडीवर घेऊन १९६७ पासून कार्यक्रम केले. दूरदर्शन, जाहिरातपट, १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू. विष्णुदास भावे यांनी, ज्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, स्वतः लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या बाहुल्या पुन्हा रंगमंचावर आणल्या त्याही रामदास पाध्ये यांनीच. व्हरायटी कार्यक्रमात जादूगार, नकलाकार, गायक यांच्या रांगेत बोलक्या बाहुल्यांची ओळ ठळक टाइपात येई.

पिंगुळीच्या बाहुल्यांना अशी नावे नाहीत. तिथे राम रामच असतो आणि रावण रावणच. सूत्रधार पडद्यामागे, त्याचे नाव कोणी विचारले नाही. मग संस्थान गेले, घराघरांत टीव्ही आला, ठरलेला प्रेक्षक उठून गेला. दुसऱ्याला हाक कशी मारायची याची सवयच नव्हती.

[दृश्य : पिंगुळीतले गुढीपूर. अंगण, संग्रहालयाचे दार, भिंतीवर टांगलेल्या बाहुल्या.]

परशुराम आत्माराम गंगावणे यांनी ती हाक मारली. लहानपणापासून हीच कला हातात. घरचा गुरांचा गोठा रिकामा केला आणि २००६ मध्ये तिथे संग्रहालय थाटले : ठाकर आदिवासी कला आंगण. जुन्या पोथ्या, कातडी बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, वाद्ये. जिथे गाईगुरे बांधली जायची तिथे आता बाहेरगावचे विद्यार्थी मांडी घालून बसतात आणि खेळ बघतात. घरची मुलेही याच कामात आहेत. २०२१ मध्ये गंगावणे यांना पद्मश्री मिळाली.

[दृश्य : खेळ सुरू होतो. मुलांचे चेहरे. निवेदन थांबते, हुडूक ऐकू द्यावा.]

पद्मश्रीनंतर बघायला येणारे वाढतील, पण सगळ्यांना पिंगुळीपर्यंत यायला लागू नये. सिंधुदुर्गातल्या देवस्थान कमिट्यांना आमचे एक सांगणे आहे. जत्रेत पालखी निघेपर्यंतच्या वेळात बाहुल्यांचा तासाभराचा खेळ सहज बसतो. मुले तेव्हा जागी असतात. मानधन आधी ठरवा, ते दशावताराच्या बिदागीत गुंडाळू नका. आणि रंगाऱ्याला बोर्ड सांगाल तेव्हा चार ओळी जास्त सांगा : कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, पिंगुळी. आख्यानाचे नाव. वेळ. आणि सूत्रधाराचे नाव, राजापार्टीच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात.